बाळाच्या तोंडातलं माझं बोट

मी शौचाचे नमुने तपासते. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं की मी नुसतं "लॅबमध्ये आहे" म्हणते आणि समोरच्या माणसाला सुखानं जेवू देते. अकोल्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली. झाकणाच्या डब्या येतात, त्यांवर मी आकडे घालते, थोडं नळीत काढते, उरलेलं डीप फ्रीजरमध्ये ठेवते. हात कसे धुवावेत यावर नर्सिंगच्या पोरींना मी तासभर शिकवू शकते, आणि शिकवलेलंही आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात अडाणीपणाची सबब मला मिळणार नाही.

आमच्याकडे लहान मुलांचं एक काम चालू असतं. ज्या मुलांना जुलाब झालेत किंवा ताप आलाय आणि कारण सापडत नाही, त्यांचे नमुने आम्ही राखून ठेवतो आणि त्यांत कुठले विषाणू आहेत ते पाहतो. त्या यादीत पॅरेकोव्हायरस नावाचा एक आहे. आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्यांना याचं फार वेड. पूर्वी याला विषाणूंच्या ज्या गटात धरत त्या गटाच्या नावातच 'अनाथ' असा शब्द होता, कारण विषाणू तर सापडायचे, पण त्यांच्यामुळे होणारा रोग कुणाला ठाऊक नव्हता. बहुतेक मुलांना पॅरेको होऊन जातो आणि आईबापांना पत्ताही लागत नाही. दोन दिवस नाक वाहतं, दोन दिवस पोट बिघडतं, संपलं.

त्याचे बरेच प्रकार आहेत आणि त्यांना नुसते आकडे दिलेले आहेत. पहिला प्रकार सगळीकडे असतो, रांगत्या-धावत्या मुलांच्या पोटात. तिसऱ्याचं नाव काढलं की मॅडमचा आवाज खाली यायचा. "मोठ्या माणसाला तो घसा देतो, अंगदुखी देतो. तान्ह्या बाळाचे मात्र तळहात-तळपाय लाल करतो आणि सरळ आयसीयूत नेतो. आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं तर ते स्वच्छ येतं बरं का, त्याला फसू नका," असं त्या म्हणायच्या. मी मान डोलवत चहा प्यायचे.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या घरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली. ती दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मी रजा टाकून अकोल्याहून गेले. बरोबर माझी दोन वर्षांची लेक होती. तिचं पोट दोन दिवसांपासून पातळ होतं. आईनं विचारलं तर मी म्हणाले, "दाढा येऊन राहिल्या असतीन." आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या डब्या उघडणारी मी, स्वतःच्या पोरीच्या जुलाबाला दाढा म्हणून मोकळी झाले.

आमच्या घरी एक पद्धत आहे. बाळ घरी आलं की त्याच्या जिभेला पहिलं बोट लावायचं ते अशा माणसानं, ज्याचे गुण बाळात यावेत असं घराला वाटतं. मधाचं बोट. हा मान फुकट मिळत नाही, त्यावरून आमच्याकडे रुसवेफुगवे झालेले आहेत. त्या दिवशी बायका माजघरात बसल्या होत्या आणि आईनं सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुह्याच हातानं होऊ दे. तुले तुह्या आत्याचं बोट होतं, म्हणून तं तू इतकी शिकली."

"आन् भांडखोर झाली ते?" मी विचारलं.

"ते बी तिचंच."

सगळ्या हसल्या. बहीण पलंगावरून म्हणाली, "ताईचंच बोट पाह्यजे मले. दुसऱ्या कोनाचं नोको." कानाला फडकं बांधलेली, डोळे खोल गेलेली ती बाळंतीण हे इतक्या मनापासून म्हणाली की मला भरून आलं. खरं सांगायचं तर मी फुगले. शौचाचे नमुने तपासणाऱ्या बाईचे गुण कुणी आपल्या लेकीसाठी मागावेत, हे माझ्या वाट्याला रोज येत नाही.

मी मधाला नाही म्हणाले. तान्ह्या बाळाला मध देत नाहीत यावर मी दहा मिनिटं भाषण दिलं, आणि मग तोडही मीच काढली. बहिणीचंच दूध चांदीच्या वाटीत थोडं काढायचं आणि त्यात बोट बुडवायचं. रीतही राहते आणि शास्त्रही. एक काकू म्हणाल्या, "पाह्य, शिकलेल्या बाईचं डोकं कसं चालते."

त्याच्या अगोदर, जेमतेम पाव तास आधी, माझ्या लेकीनं चड्डी भरवली होती. नळ एक दिवसाआड येतो, त्या दिवशी नव्हता. मोरीत पाहुण्यांची ये-जा चालू होती. तांब्याभर पाण्यात मी तिला धुतलं, चड्डी बादलीत टाकली, हातावरून उरलेलं पाणी घेतलं. आणि बोट बुडवायची वेळ आली तेव्हा पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढून सगळ्यांना दिसेल अशी दोनदा दाबली, हात कोपरापर्यंत चोळले.

आता एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हाही माहीत होती. या जातीच्या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे स्पिरिट त्याला म्हणावं तसं लागत नाही. त्याला साबण लागतो आणि वाहतं पाणी लागतं, नखांखालून चोळून. आमच्या लॅबच्या सिंकवर हे लिहून चिकटवलेलं आहे. अक्षर माझं आहे.

मी बोट बाळाच्या ओठांना लावलं आणि तिनं ते पकडलं. एवढ्याशा तोंडात एवढी ओढ कुठून येते कोण जाणे. टाळूपर्यंत नेलं तिनं ते. मी काढून घ्यायला हवं होतं, पण मला ते सुख सोडवेना आणि मी तसंच राहू दिलं.

निघताना बहीण हळूच म्हणाली, "ताई, माहा गळा खवखवून राहिला वो. मांड्या बी ठणकून राहिल्या."

"बाळंतीण हायेस, थकली हायेस. झोप जराशी," मी म्हणाले आणि तिच्या पायावर पांघरूण ओढून दिलं.

अकोल्याला परत आल्यावरही लेकीचं पोट थांबेना. तेव्हा मी तिचा नमुना डबीत घेऊन लॅबमध्ये नेला आणि आमच्या कामात घातला. संमतीच्या कागदावर पालक म्हणून माझीच सही, साक्षीदार म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मुलीची. आमच्या धंद्यात ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याचं मूल कधी ना कधी फ्रीजरमध्ये जातंच. दोन दिवसांनी ती बरी झाली आणि मी ते विसरले.

बाळ नऊ दिवसांचं असताना सकाळी बहिणीचा फोन आला. मी हातमोजे काढून बाहेर आले.

"ताई, बाळ दूध ओढून नाई राहिलं. पहाटपासून नुसतं कण्हून राहिलं. उचललं तं जास्तीच रडते. आंग तापलं."

माझ्या तोंडून आपोआप प्रश्न आला. "तळहात लाल हायेत का?"

पलीकडे ती बघायला गेली. मागे कुठल्या तरी मंडपातला गणपतीचा स्पीकर ऐकू येत होता. मी देवाला म्हणत होते की नाही म्हणू दे, नाही म्हणू दे.

"हो वो. तळपाय बी. आन् पोटावर जाळीजाळी दिसून राहिली. तुले कसं समजलं?"

मी तिला म्हटलं, "घरी एक मिनिट ठेवू नोको. आताच्या आता दवाखान्यात ने. मी निघून राहिली."

अकोल्याहून अमरावतीच्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशीचा रस्ता मला आठवत नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली, भजीवाला खिडकीशी आला आणि गेला. मी एकच हिशेब करत होते. बोट लावलं तो दिवस आणि ताप आला तो दिवस, मध्ये सहा दिवस. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला एवढे दिवस अगदी बसतात. मी पुन्हा मोजले. मग मी उजव्या हाताचं ते बोट डाव्या मुठीत धरून ठेवलं आणि बडनेरा येईपर्यंत तसंच ठेवलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "लागलं का वो बोटाले?" मी हो म्हणाले.

लहान मुलांच्या त्या दवाखान्यात बाळ काचेच्या आड, दिव्याखाली ठेवलेलं होतं. छातीला तारा, नाकात नळी, पोट फुगून चकाकत होतं. त्याच्या पायाला पट्टी बांधली होती आणि तिच्यावर बहिणीच्या नावापुढे 'बाळ' एवढंच लिहिलेलं. बारसं व्हायचं होतं. माझी बहीण लोखंडी खुर्चीवर बसली होती, कानाला तेच फडकं. मला पाहताच ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. मी हात मागेच ठेवले. तिला ते कळलं नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं, ते अगदी स्वच्छ आहे, पेशी वाढलेल्या नाहीत, तेवढी तरी चांगली गोष्ट. बहिणीच्या नवऱ्यानं हात जोडले. आईनं भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरला नमस्कार केला. सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि माझा होता तोही गेला, कारण मॅडमचं ते वाक्य माझ्या कानात होतं.

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. मी कोण, काय करते ते सांगितलं आणि त्या विषाणूचं नाव घेतलं. ते म्हणाले, "आमच्याकडे नेहमीच्या विषाणूंची तपासणी होते. यात तो येत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे, त्याला वेगळी तपासणी लागते आणि ती मी करून आणते. मग ते मॅडमशी फोनवर बोलले आणि उरलेल्या पाण्याची छोटीशी नळी मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी अकोल्याला निघाले. मांडीवर बर्फाची पेटी आणि तिच्यात त्या पोरीच्या पाठीतलं पाणी, दोन-तीन थेंब म्हणावेत एवढं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय वो त्याच्यात, दही?"

"औषध."

"मंग खाली ठेवा ना, मांडीवर काहून घेऊन बसल्या?"

मी ठेवली नाही. खड्डा आला की मी पेटी उचलून धरायचे. बाळाला उचलून धरल्यासारखी मी ती धरली होती आणि डोक्यात एकच चालू होतं, की हे पाणी कोरं निघावं. दुसरा कुठलाही रोग चालेल. माणूस घाबरला की काय वाटेल ते मागतो. त्या दिवशी मी माझ्या भाचीसाठी दुसरा, वेगळा आजार मागत होते, फक्त तो माझ्या बोटावरचा नसावा म्हणून.

मॅडमनी मला तपासणीला हात लावू दिला नाही. "तू बाहेर बस," म्हणाल्या. ज्या बाकावर नमुने घेऊन आलेल्या आया बसतात, त्या बाकावर मी पहिल्यांदा बसले. बाक डुगडुगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मशीन फेऱ्या घेत होतं आणि आत पडद्यावर एखादी रेघ आडवीच राहिली तर नाही, वर चढली तर आहे, एवढंच ते असतं. मी हजारदा ती रेघ पाहिली आहे आणि पाहता पाहता बिस्किटं खाल्ली आहेत.

मॅडम हातमोजे काढून बाहेर आल्या. "आहे," म्हणाल्या. माझ्या शेजारी बसल्या. याला औषध नाही, श्वास, पाणी आणि झटके सांभाळायचे, बहुतेक बाळं यातून बाहेर येतात, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग मी त्यांना बोटाची गोष्ट सांगितली. चड्डीची, सॅनिटायझरची, सगळी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझ्या मुलीचा नमुना फ्रीजरमध्ये आहे ना?" त्यांनी विचारलं. "दोन्ही नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवू. बाळाच्या आईचा, आजीचा, तुझाही घे. प्रकार कळेल आणि अक्षरं जुळतात का ते कळेल."

अक्षरं म्हणजे काय ते सांगते. विषाणूचं सगळं बाड म्हणजे चारच अक्षरांनी लिहिलेली एक लांबच लांब ओळ. तो वाढताना तिची नक्कल करतो आणि नक्कल करताना चुका करतो. एकाकडून दुसऱ्याकडे नुकताच गेलेला असला तर दोघांच्या ओळी जवळजवळ सारख्या असतात. लांबून, फिरत फिरत आलेला असला तर फरक वाढत जातो. कधी एकाच पोटात दोन प्रकार भेटतात आणि आपले तुकडे अदलाबदल करून तिसरंच काहीतरी होऊन बाहेर पडतात. म्हणून एका गल्लीत, एका घरात, एकाच वेळी वेगवेगळे फिरत असू शकतात. पण मला तेव्हा त्या विविधतेचं कौतुक नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की माझा गुन्हा आता वाचता येईल अशा अक्षरांत पुण्याला निघाला होता.

अमरावतीला परतले तेव्हा बहिणीची सासू आली होती. दर्यापूरकडचं माळ्याचं घर, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारं. तिनं आमच्यासाठी पिशवीभर वांगी आणली होती आणि ती पिशवी आयसीयूच्या दारात ठेवून ती बाकावर बसली होती. बाई वाईट नाही. पण मनात आलं ते तोंडात आलंच पाहिजे अशी.

"दूधच बाधलं असन," ती म्हणाली. "आमच्या घरी आजवर कोन्या लेकराले असं झालं नाई."

बहीण समोरच होती. त्या दुपारी नर्स दूध काढायची वाटी घेऊन आली तेव्हा तिनं मान हलवली.

मी तिला जिन्यात नेलं. "दूध काहून नाई काढून राहिली?"

"मह्यातच काई असन तं? मीच पाजलं ना तिले."

"दुधाचा काई संबंध नाई. मी सांगून राहिली ना. नळीतून तेच जाते तिले, तेच तिच्या कामाचं हाय."

"मंग कुठून आलं हे, ताई?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. मी पाहिलं की तिच्या ब्लाऊजवर दुधाचे डाग पडलेत, आणि मी म्हणाले, "तपासणी गेली हाय. समजन." भित्री होते म्हणून गप्प बसले, दुसरं काही कारण नव्हतं.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, बाळाला झटके आले. आम्हाला एकेकटीला आत सोडत होते, मी काचेशी उभी होते. तिचा डावा हात एका तालात हलायला लागला आणि ओठ चोखल्यासारखे व्हायला लागले. माझं बोट चोखलं होतं तसेच. नर्स धावली, पडदा ओढला. मी बाहेर येऊन जिन्याखाली जिथे चपला काढतात तिथे बसले आणि हातात चेहरा धरून बसून राहिले. ती गेली तर मी काय करणार आहे, हे मी ठरवत होते. नोकरी सोडणार होते. माझ्या लेकीला पुन्हा कधी माहेरी आणणार नव्हते. ती पोरगी बिचारी अकोल्यात माझ्या सासूजवळ खिचडी खात असेल, आणि मला तिचाही राग आला होता. दोन वर्षांच्या पोरीचा.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग तळपायांचा लाल रंग गेला, मग पोट मऊ पडलं. एका सकाळी नर्सनं बहिणीला आत बोलावलं आणि बाळाला तिच्या छातीशी दिलं, आणि बाळानं ओढलं. बहीण रडत होती, आई रडत होती, सासूनं तर नर्सच्याच पाया पडायला सुरुवात केली. मी वांग्यांची पिशवी घेऊन बाहेर गेले, कारण ती सडायला लागली होती.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या स्कॅनमध्ये थोडं पांढरं दिसतं आहे. ते पुसलं जाईल, किंवा राहील. मान कधी धरते, बसते कधी, चालते कधी, बोलते कधी, ते सगळं पाहत राहायचं. भीती संपली नाही, तिला फक्त तारखा लावून मिळाल्या.

पुण्याचा अहवाल दिवाळीनंतर आला. मॅडमनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि दार लोटून गेल्या. मी तो उघडला. बाळ, तिसरा प्रकार. माझी लेक, पहिला प्रकार. मी दोनदा वाचलं. पहिला आणि तिसरा, एकमेकांचे चुलतभाऊसुद्धा लांबचे. माझ्या बोटावरून गेलेला हा नव्हताच. मी त्या बंद खोलीत मोठ्यानं हसले. टेबलावर डोकं ठेवून हसले आणि मग लक्षात आलं की रडते आहे.

मग पुढच्या ओळी वाचल्या. माझा आणि आईचा नमुना, काही नाही. बाळाच्या आईचा, तिसरा प्रकार. अक्षरं बाळाच्या अक्षरांशी तंतोतंत.

घसा. मांड्या. पांघरूण ओढून दिलं होतं मी तिच्या पायांवर.

कागदावर दिशा नसते. कुणी कुणाला दिलं हे तो सांगत नाही. तिला कुठून आला तेही सांगत नाही. दवाखान्यात भेटायला आलेल्या कुणाकडून, पोळ्याला अंगणात आलेल्या पोरांकडून, कुठूनही. पण तिचा घसा बाळाला ताप यायच्या सहा दिवस आधीच दुखत होता. ती हा कागद कसा वाचेल हे मला माहीत होतं. आणि तिची सासू कसा वाचेल, तेही.

पुढच्या आठवड्यात सासू तिला आणि बाळाला न्यायला आली. लांबलेलं बारसं आता त्यांच्याकडे व्हायचं होतं. मीही गेले होते. बाळ माझ्या मांडीवर होतं, मूठ उघडत मिटत. चहा झाला आणि बहिणीनं विचारलं, "ताई, तो पुण्याचा कागद आला का वो?"

"आला."

मी त्यांना प्रकार म्हणजे काय ते समजावलं. सासूच्या घरी वांग्याचं बी घरचं धरतात, म्हणून मी बियाण्याच्या भाषेत सांगितलं, की नाव एकच असलं तरी वाण वेगळे असतात आणि झाडाकडे पाहून कळतं बी कुणाकडचं. तिला ते चटकन कळलं.

"मंग कोनाच्या वावरातलं हाय हे बी?" तिनं विचारलं.

बहीण माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात बाळाचं टोपडं होतं आणि ती त्याची नाडी बोटाला गुंडाळत होती, घट्ट. नख पांढरं पडलं होतं.

"माह्या," मी म्हणाले. "माह्या लेकीचं पोट बिघडलं होतं. मी तिले धुतलं आन् नीट हात न धुता बोट लावलं. मह्याकडूनच गेलं."

रस्त्यावर कुठल्याशा शिकवणीचा वर्ग सुटला होता, स्कूटींचे हॉर्न वाजत होते. सासूच पहिल्यांदा बोलली. "अन् तू तं यातच शिकलेली हायेस ना?"

"हो."

आई उठून आत गेली. बहिणीनं नाडी बोटावरून सोडली. ती माझ्याजवळ आली, वाकली आणि माझ्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं. रागानं नाही, अगदी हलक्या हातानं. आणि तिनं ते छातीशी धरलं. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याला असं न घाबरता धरलेलं मी पाहिलं.

अहवालाची प्रत माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. या लिखाणात नावं घातलेली नाहीत ती त्यासाठीच. कुणी म्हणेल, मी खोटं बोलले आणि मोठेपणा घेतला. मला तसं वाटत नाही. त्या कागदानं मला एका विषाणूतून सोडवलं, त्या बोटातून नाही. बोट मी लावलंच होतं. माझ्या नखाखाली त्या दिवशी जे असेल ते पहिल्या प्रकाराचं होतं, तिसऱ्याचं नव्हतं, आणि यात माझं कर्तृत्व शून्य आहे.

भाची आता पावणेदोन वर्षांची आहे. बसायला वेळेवर बसली, चालायला जरा उशिरा लागली. तेवढ्या दोन महिन्यांत माझे केस पांढरे झाले. अजून शब्द कमी आहेत. मी दर्यापूरकडे त्यांच्या मळ्यावर जाते तेव्हा तिला दोन्ही हातांनी खेळताना पाहत बसते, डावा हात मागे तर पडत नाही ना ते पाहते, आणि तिला कळू देत नाही.

पण आधी दारातच थांबावं लागतं. तिथे बहिणीनं विटेवर साबण ठेवलेला आहे. ती स्वतः मोटरचं बटण दाबते, पाइपमधून पाणी धो धो येतं, आणि मी कोपरापर्यंत धुते. आतून भाची दोन्ही हात पसरून धावत येते. बहीण तिला एका हातानं अडवते आणि दुसरा हात माझ्यापुढे करते.

"नखं दाखव, ताई."

मी दाखवते.